सतरा नंबरची सर्दी

सासऱ्यांनी जेवणाच्या टेबलापाशी बसून मान मागे टाकली, नाक छताकडे केलं आणि फर्मान सोडलं, "घे. माझंही तपास."

"बाबा, हे गाईंसाठी आहे," सून म्हणाली. ती विषाणूंवर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होती. गोठ्यातल्या गाई आणि इस्पितळातले रुग्ण, दोघांच्याही नाकातले नमुने घ्यायचे आणि यांची सर्दी त्यांना किंवा त्यांची यांना लागते का ते शोधायचं, हे तिचं काम. उद्याच्या गोठ्याच्या फेरीसाठी ती रिकाम्या नळ्यांवर गाईंचे नंबर चिकटवत बसली होती.

"गाईंची चौकशी होते. घरातला माणूस तीन दिवस शिंकतोय, त्याला कोण विचारतो?"

"त्यांना चाळीस वर्षं काही ना काही होतंच आहे," सासूबाई आतून म्हणाल्या. "घे बाई एकदा, म्हणजे गप्प बसतील."

सुनेनं हाताला आली ती नळी उचलली, काडी सासऱ्यांच्या नाकात फिरवली, नळीत टाकून झाकण लावलं. सासऱ्यांचा चेहरा उजळला. ती नळी मागाहून टाकून देऊ म्हणून तिनं बाजूला ठेवली. आणि सासूबाईंनी, सून दमलीये म्हणून, टेबल आवरताना सगळ्या नळ्या मायेनं खोक्यात भरून ठेवल्या.

सकाळी गोठ्यावर सोळा गाई सुरळीत पार पडल्या. सतरा नंबर म्हणजे मात्र साक्षात संकट होतं. मागच्या महिन्यात तिनं अशी ढुशी मारली होती की सून थेट गव्हाणीत जाऊन बसली होती. तिनं घाबरत घाबरत सतरा नंबरची नळी काढली, तर ती भरलेली! 'अगं बाई, घाईत हिचं आधीच उरकलं वाटतं,' असं म्हणून तिनं मनोमन देवाला हात जोडले आणि अठराव्या गाईकडे वळली.

बुधवारी मोठे सर हातात कागद नाचवत प्रयोगशाळेत शिरले.

"सापडलं! गाईला माणसाची सर्दी! सतरा नंबर!"

दोन वर्षांत सरांना काहीही सापडलं नव्हतं. शुक्रवारी पैसे देणारी समिती येणार होती ती प्रकल्प गुंडाळायलाच, आणि प्रकल्पाबरोबर सुनेची नोकरीही गुंडाळली जाणार होती. त्यामुळे तीही सरांबरोबर दोन उड्या मारून मोकळी झाली.

तासाभरात सतरा नंबरला वेगळ्या शेडमध्ये कोंडलं. दुपारी गोठ्याच्या मालकीणबाईंचा फोन आला.

"अहो, कसली सर्दी? शिंक नाही, खोकला नाही, काही नाही! हंबरून हंबरून तिनं शेड डोक्यावर घेतलीये. तिच्या काळजीनं बाकीच्यांनी पान्हा चोरलाय!"

"तिला ही सर्दी दिली कुणी, तेवढं कळू द्या," सर म्हणाले.

मग शोध सुरू झाला. धारा काढणारे चौघे, चारा टाकणारा, खुद्द मालकीणबाई, सगळ्यांच्या नाकात काड्या फिरल्या.

"माझ्या नाकात काडी? मी डॉक्टर आहे!" गुरांचे डॉक्टर गरजले.

"गाईंचे," सर म्हणाले, आणि काडी घातली.

सगळी नाकं निर्दोष निघाली.

संध्याकाळी सासऱ्यांनी विचारलं, "माझा रिपोर्ट आला का गं?"

सुनेचा घास हातातच राहिला. "आई, ती भरलेली नळी कुठे गेली?"

"खोक्यात ठेवली की मी! एकही इकडची तिकडे होऊ दिली नाही," सासूबाई अभिमानानं म्हणाल्या.

गप्प बसलं असतं तर नोकरी टिकली असती. पण कोंडलेली गाय डोळ्यांसमोरून हलेना, आणि एवढं मोठं खोटं काही तिच्या घशाखाली उतरेना. गुरुवारी सकाळी ती सरांसमोर उभी राहिली.

"सर, सतरा नंबरची सर्दी माझ्या सासऱ्यांची आहे."

"वा! म्हणजे ते गोठ्यावर जातात?"

"नाही सर. नळीत गाय नाहीच आहे. तेच आहेत."

सर धपकन खुर्चीत बसले. खुर्चीला चाकं होती, ती त्यांना घेऊन कपाटापर्यंत गेली. तिथेच त्यांनी हातातला कागद पुन्हा वाचला. मग हळूच म्हणाले, "हे माणसाचं नाक आहे? नक्की?"

"मीच काडी फिरवली."

"मग ही खालची ओळ वाचा!"

खालच्या ओळीत गाईंच्या सर्दीचा विषाणू होता. गाईच्या नाकात तो असायचाच, म्हणून तिकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

"गाईत असला तर नवल नाही," सर खुर्चीसकट गिरकी घेत ओरडले, "पण सासऱ्यांत!"

त्याच दिवशी सासऱ्यांचं नाक पुन्हा तपासलं. तेच उत्तर आलं. गाय सुटली. सुनेला निष्काळजीपणाबद्दल खरमरीत पत्र मिळालं, आणि शुक्रवारी समितीनं प्रकल्प तीन वर्षं वाढवला. अट एकच होती, सासऱ्यांवर कायम लक्ष ठेवायचं.

सासरे आता आतल्या खोलीत एकटे होते. सून मास्क लावून उंबऱ्यापाशी तक्ता भरत होती.

"बाबा, गुरांशी संबंध येतो का?"

"नाही... म्हणजे, सकाळी फिरायला जातो ना मी..."

"तळ्याभोवती चार फेऱ्या मारतात," सासूबाई म्हणाल्या.

"तळ्यावर नाही जात," सासरे पुटपुटले. "गोठ्याच्या कुंपणापाशी बसतो. एक गाय येते. तिच्याशी बोलतो."

"गाईशी? काय बोलता?"

"हेच आपलं. पाठ, गुडघा, छातीत धडधडतं ते. ती तोंडाला तोंड लावून ऐकून तरी घेते."

सासूबाईंनीही मास्क चढवला, खुर्ची ओढली आणि उंबऱ्याअलीकडे ठाण मांडलं.

"सांगा आता मला. काय काय होतंय?"

सासऱ्यांनी तोंड उघडलं. पाठ आठवून पाहिली, गुडघा हलवून पाहिला, छातीवर हात ठेवला.

"आत्ता तसं काहीच नाही गं," ते चकित होऊन म्हणाले. "उलट छान वाटतंय."

सुनेनं तक्ता बाजूला ठेवून घाईघाईनं नवी काडी काढली. सासऱ्यांच्या सर्दीवर प्रकल्प अजून तीन वर्षं चालायचा होता.