दर्यापुरातलं बर्फाचं पातं

मे महिन्याच्या भर उन्हात आमचे शेजारी गुणवंतभाऊ ट्रॅक्टरला बर्फ सारायचं पातं बसवत होते. दर्यापूरकडे बर्फ पाहायचा तर रसवंतीवरच.

ट्रॅक्टर तरी केवढा? कमरेएवढा. बागेत चालवायचा, विलायती, भाऊंच्या लग्नाच्याही आधीचा. अकोल्याच्या एका भंगारवाल्याकडे तो पात्यासकट गंजत पडला होता. भाऊंनी तो टेम्पोत घालून आणला आणि त्याचं नाव ठेवलं 'पाहुणा'. त्याला कोणी मशीन म्हटलेलं त्यांना खपत नसे. "मशीन गिरनीत असते गुरुजी. हा घरचा हाय."

भाऊंची शेवंती-झेंडूची वाडी. जागा अरुंद, मोठा ट्रॅक्टर शिरत नाही. पूर्वी बैलजोडी होती, थोरले भाऊ नामदेवराव यांच्याशी सामाईक. गुणवंतभाऊ सासुरवाडीला गेले असताना नामदेवरावांनी ती विकून टाकली. बैल थकले होते, हे भाऊंनाही कबूल होतं. "इकाले माही ना नाई. पन मले इचारलं कावून नाई?"

तेव्हापासून घरं समोरासमोर असून बोलणं बंद. काही सांगायचंच झालं तर भाऊ अंगणात उभं राहून मला हाक मारत, तीही समोरच्या घरात नीट ऐकू जाईल अशी. "गुरुजी, समोरच्याईले सांगा, त्याईची बकरी माह्या शेवंतीत शिरून राहिली!"

पाहुण्याला उठवण्यात अर्धा उन्हाळा गेला. भाऊंनी कार्बोरेटर बायकोच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या, दुधाच्या पातेल्यात रॉकेलने धुतला. ते पातेलं काकूंनी पुन्हा घरात घेतलं नाही. पट्टा पिठाच्या गिरणीचा बसवला, बेताचा नांगर मूर्तिजापूरच्या लोहाराकडून करून आणला. एकदाचं इंजिन धडधडलं. भाऊ ऐटीत बसले, नांगराचा फाळ काळ्या मातीत रुतला आणि पाहुण्याने पुढची दोन्ही चाकं वर उचलली. भाऊ सीटवर उताणे.

"नांगर मांगं वढते," आभाळाकडे पाहतच ते म्हणाले, "म्हून तोंड हलकं झालं. तोंडाले वजन पाह्यजे."

म्हणून ते पातं. येणारेजाणारे हसायचे, "भाऊ, बर्फ कधी पडते मंग?"

"पडला तं तुह्या दारातला आदी काढीन."

पात्याच्या वजनाने पुढची चाकं जमिनीवर राहिली आणि वाडी नांगरून झाली.

पावसाळ्यात नामदेवराव पडले. अकोल्याला खुब्याचं ऑपरेशन झालं. ते घरी यायचे त्याच्या आदल्या दिवसापर्यंत पाऊस लागून राहिला, आणि डांबरी रस्त्यापासून आमच्या घरांकडे येणारी कच्ची वाट, आमची पांदण, चिखलाने भरली. आमचा चिखल पाय सोडतो, चप्पल ठेवून घेतो. गाडी डांबरी रस्त्यावरच थांबणार. तिथून खाटेवर उचलून आणायचं, आणि उचलणाऱ्यातला एक जरी घसरला तरी खुबा पुन्हा मोडायचा. नामदेवरावांच्या घरच्या वहिनी सकाळीच रडवेल्या होऊन माझ्याकडे आल्या. "गुरुजी, चार मानसं पाहा नं." मला दोनच मिळाली.

तेवढ्यात पाहुणा धडधडत पांदणीत उतरला. भाऊंनी पातं खाली टाकलं आणि चिखल बाजूला ढकलायला सुरुवात केली, पार खालचा मुरूम दिसेपर्यंत. मध्ये चाकं रुतली, आम्ही धक्का मारला. दुपारपर्यंत भाऊ सीटवरून हलले नाहीत. मी विचारलं, "दादांसाठी का?"

"पातं पाहून राहिलो, गुरुजी. चालते का नाई."

गाडी थेट दाराशी आली. आम्ही नामदेवरावांना अलगद खाली घेतलं. ते पांदणीकडे पाहत राहिले. मग गुणवंतभाऊंकडे.

"गुणवंता, रस्ता एवढा रुंद कायले केला?"

"डाक्टरची गाडी येईन नं दादा. वळाले जागा पाह्यजे."

वहिनींनी डोळ्याला पदर लावला. आम्ही नामदेवरावांना आत पलंगावर निजवलं, तरी भाऊ गुडघाभर चिखलाचे पाय घेऊन बाहेरच उभे.

आतून नामदेवरावांचा आवाज आला, "अवं, गरम पानी दे त्याच्या पायावर. सकाळपासून वला हाय थो."

भाऊंनी सावकाश पाय धुतले, धोतराला पुसले आणि आत जाऊन थोरल्याच्या पलंगाच्या कडेला बसले.