तिसरी बादली

चाळीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीचा वर्ग सांभाळलेल्या माणसाला धीर शिकवायला कोणी येऊ नये, असं महिपत भोईर गुरुजींचं स्पष्ट मत होतं. म्हणून दातांची डॉक्टर कृतिका "तीन महिने तिथे चावायचं नाही, चाचपायचं नाही" असं बजावू लागली, तेव्हा ते हसले. कृतिका त्यांचीच जुनी विद्यार्थिनी.

"अगं, तुला 'ळ' गिरवायला दीड वर्ष लागलं. मी हललो का?"

साडेतीन महिन्यांनी पुतण्याची, सुशांतची, हळद होती. तिथे मटणाची नळी नव्या दाढेखाली फोडायची, एवढ्यासाठी गुरुजींनी जबड्यात इम्प्लांट बसवून घेतलं होतं.

बाळकुमला घरी परतताच त्यांनी बिल्डिंगची पोरं गोळा केली. दोन बादल्यांत खाडीचा चिखल भरला आणि प्रत्येकीत एक खुंटी रोवली.

"ही बादली म्हणजे माझा जबडा आणि खुंटी म्हणजे टायटॅनियमचा स्क्रू. हाड हळूहळू स्क्रूच्या अंगावर वाढतं आणि त्याला घट्ट धरतं. पण स्क्रू हलत राहिला, तर तिथे हाड येतच नाही, नुसता मऊ पापुद्रा धरतो. आमचे वडील मिठागराच्या बांधावर खुंट रोवायचे, तेव्हा चिखल धरेपर्यंत कोणाला जवळ फिरकू द्यायचे नाहीत."

"पण चिखल तर जिवंत नसतो ना आजोबा?" नात सान्वी म्हणाली.

"म्हणून तो नुसता वाळतो. हाड त्याच्याहून हुशार."

पहिल्या बादलीला कोणी हात लावायचा नाही, दुसरीतली खुंटी रोज तीनदा हलवायची, असं ठरलं. वही सान्वीकडे.

"जे दिसेल तेच लिहायचं," गुरुजींनी ताकीद दिली. "कोणाची भीड ठेवायची नाही."

दोन आठवड्यांत दुसरीतली खुंटी सैल दातासारखी डुलू लागली. पहिलीतली जागची हलेना. गुरुजी कॉलर ताठ करून फिरू लागले. आणि तिसऱ्या आठवड्यात, सकाळी मिठाच्या पाण्याने चूळ भरताना, बेसिनमध्ये टिण्णकन काहीतरी पडलं. चकचकीत, बारीक, धातूचं.

"काय झाला ओ? तोंड का दाबून धरलाय?" त्यांच्या बायकोने, मालनताईंनी, विचारलं.

"स्क्रू उखडला."

"मंग आता?"

"आता पुन्हा भोक पाडायचं, हाड भरायचं, सहा महिने पेज."

"आनि हळद?"

गुरुजींनी बेसिनमधला तुकडा रुमालात बांधला. मालनताईंनी जावेला, सुशांतच्या आईला, फोन केला. रिक्षा ठाण्याला कृतिकाच्या दवाखान्याशी पोचेपर्यंत सुशांतचाच फोन आला, "काका, तारीख पुढे ढकलू का? हॉलवाल्याशी बोललोय मी."

"यापेक्षा चांगले स्क्रू वागळे इस्टेटच्या कारखान्यांत बनतात," गुरुजी रिक्षावाल्याला सांगत होते. शेजारी सान्वी वही मांडीवर घेऊन बसली होती.

कृतिकाने तोंडात डोकावून पाहिलं, एक्स-रे काढला.

"गुरुजी, स्क्रू जागच्या जागी आहे. हे पडलं ते त्याच्यावरचं झाकण. पण सारखं ढकलल्याशिवाय हे सुटत नाही. चाळा केलात?"

"मी? छे. चाळीस वर्षं पहिलीचा वर्ग..."

सान्वीने वही उघडली.

"बादली तीन: आजोबा," ती वाचू लागली. "सोमवार. बातम्या बघताना जिभेने, सतरा वेळा. मंगळवार. आजीची पाठ वळल्यावर बोटाने, नऊ वेळा. बुधवार. आम्हाला धीर म्हणजे काय ते शिकवताना, बावीस वेळा."

कृतिकाने तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते. मग तिने वहीतली पहिल्या दोन बादल्यांची पानं चाळली आणि छोट्या चावीने झाकण पुन्हा बसवलं.

"हाड अजून धरतंय, नशीब समजा. आता तुम्ही पहिली बादली व्हा."

संध्याकाळी सान्वीने वही तपासायला पुढे ठेवली. गुरुजींनी लाल पेन उघडलं, पान दोनदा वाचलं, चूक शोधली. एक सापडली. बुधवारच्या बावीसवर काट मारून त्यांनी शेजारी एकतीस लिहिलं, आणि खाली सही केली.