डोळ्यांनी शिकणारा माणूस

आपण डोळ्यांनी शिकतो, हे दिनानाथला चेन्नईच्या कारखान्याच्या प्रशिक्षणात चाळीस प्रश्नांचा कागद भरल्यावर कळलं. दोन महिन्यांत तमिळची तोंडी परीक्षा होती. नापास झाला तर पुण्याला परत, आणि बायकोला, अर्चनाला, तर नुकतीच वेस्ट मांबलमच्या शाळेत नोकरी लागलेली. ती मनातून घाबरली होती.

वरच्या मजल्यावरचे पद्मनाभराव निवृत्त मास्तर, मूळचे तंजावरकडचे मराठी. "मी सांगतों, तुम्ही परत सांगा. तीस वर्षं मी अस्संच शिकविलों," ते म्हणाले.

"सर, कानांनी माझ्या डोक्यात काही शिरत नाही. मला दिसायला हवं."

कसं शिकवायचं हे सांगणारा विद्यार्थी त्यांना प्रथमच भेटत होता. तरी बिचाऱ्यांनी रात्रंदिवस खपून देवनागरीत तक्ते केले. भिंती भरल्या. दिनानाथ घरात भिंतीकडे बघत फडाफडा तमिळ बोलू लागला. कारखान्यात मात्र तोंड उघडेना. "पक्कं झाल्याशिवाय बोलणार नाही," म्हणत तो हाताखालच्या मुरली आणि इतर आठ कामगारांना हातवारे करत चक्क मराठीत काम सांगायचा. ते दिवसभर त्याच्याशी तमिळमध्येच बोलायचे.

परीक्षेला मॅनेजर नारायणस्वामी स्वतः आले. "यंत्र सुरू करण्याआधी काय करायचं, ते मुरलीला तमिळमध्ये सांगा."

दिनानाथने समोरच्या कोऱ्या भिंतीकडे पाहिलं. घरचा यंत्राचा तक्ता हिरवा होता, फ्रिजच्या वर होता, एका कोपऱ्यात चिकटपट्टी सुटली होती. सगळं आठवत होतं, फक्त अक्षरं सोडून. त्याला रडू यायचं बाकी होतं.

मुरलीला ते बघवेना. तो खणखणीत मराठीत म्हणाला, "आधी तेल बघ. मग जाळी लाव. हात आत घालू नकोस रे बाबा, घरी बायको वाट बघत असेल." मुरलीचं लग्न व्हायचं होतं. मागून आठही जणांनी तेच म्हटलं, दिनानाथच्याच सुरात.

नारायणस्वामींनी सगळं लिहून घेतलं. आठवड्याने पत्र आलं. माणसं तयार करता येतात, सबब दिनानाथ चेन्नईतच कायम. मराठी येते, सबब मुरली बढतीवर पुण्याला.

अर्चनाने देवापुढे साखर ठेवली. दिनानाथला मात्र घास गोड लागेना.

स्टेशनवर मुरलीने खिडकीतून हात बाहेर काढला. "येतो, सायेब."

"पोयिट्टु वा, मुरली," दिनानाथ म्हणाला. जाऊन ये. "उडंब पात्तुक्को." तब्येतीला जप. गाडी हलली तरी तो सोबत चालत तमिळमध्ये बोलतच होता.

"हे तू कसं शिकलास?" सोबत आलेल्या अर्चनाने विचारलं.

दिनानाथ अजून गाडीच्या दिशेने कान लावून होता.