बाई कुणाला विचारणार?

"सोमवारी शाळा, आणि हिचं अजून हे असं," आई फरशी पुसता पुसता म्हणाली. भिंगरी शेजारी उभी राहून, आपला काही संबंध नाही अशा चेहऱ्याने ते पाहत होती. शू लागली की मूल स्वतःहून सांगणारं हवं, नाहीतर पुढच्या वर्षी आणा, असं शाळेने बजावलं होतं. आणि आईची नवी नोकरी त्याच सोमवारी सुरू होत होती.

बाबा चष्म्याच्या दुकानात कामाला. "हे अक्षर दिसतंय का? आणि आता?" असं दिवसभर न चिडता विचारणारा माणूस. तो म्हणाला, "ओरडून काही व्हायचं नाही. करून दाखवायला हवं."

त्याने शाळा-शाळा खेळायला काढलं. स्वतः विद्यार्थी होऊन जमिनीवर मांडी ठोकली, करंगळी वर केली आणि विचारलं, "बाई, जाऊ?"

बाई अर्थात भिंगरी. ती खुर्चीवर चढली. "जा. हात धुवून ये."

खेळ असा रंगला, की विचारू नका. आठवडाभर उठता-बसता बाबाची करंगळी वर. लागली नसली तरी जायचं, आणि पुढेपुढे खरंच लागायला लागली. बाईंचा रुबाबही वाढला. "थांब, आधी गाणं म्हण!" बाबा बिचारा पाय आवळून गाणं म्हणायचा.

"अहो, तयारी तिची चाललीय की तुमची?" आईने विचारलं.

"बघून बघूनच शिकेल गं."

सोमवारी दुपारी शाळेतून फोन आला. गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा तसाच सोडून बाबा धावला.

मुख्याध्यापिकांच्या खोलीत भिंगरी शाळेची राखीव चड्डी घालून खुर्चीत बसली होती.

"आज वर्गात एकाही मुलाची चड्डी ओली झाली नाही," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "ही सगळ्यांना रांगेने नेत होती. वर्गाच्या बाईंनासुद्धा म्हणाली, जा, पण लगेच ये."

"मग?"

"मग हिचीच झाली."

"अगं, तू का नाही विचारलंस?"

"मी बाई आहे ना," भिंगरी म्हणाली. "बाई कुणाला विचारणार?"

"पुढच्या वर्षीच बघू या," मुख्याध्यापिका हळू आवाजात म्हणाल्या. बाबाला आईची नवी नोकरी आठवली. आता बायकोला काय तोंड दाखवायचं? आणि नेमकी त्याच क्षणी आठवडाभराची सवय आडवी आली. करंगळी आपोआप वर गेली.

"बाई, जाऊ?"

मुख्याध्यापिकांची सवय तर त्याहून जुनी. "जा. हात धुवून ये," त्या म्हणून गेल्या, आणि मग जीभ चावली.

भिंगरी चपापली. तिने बाबाकडे पाहिलं, मग मुख्याध्यापिकांकडे. इथली बाई दुसरीच आहे, हे तिच्या ध्यानात आलं. ती खुर्चीवरून उतरली, जमिनीवर मांडी घालून बसली आणि तिने करंगळी वर केली.

"बाई, मी जाऊ?"

मुख्याध्यापिकांना हसू आवरेना. "जा बाळ. आणि उद्या वेळेवर ये हं."

बाबाचा जीव भांड्यात पडला. तो घाईघाईने दाराकडे वळला.

"रांगेने!" भिंगरीने दटावलं. "आधी मी."

ती आत गेली. बाबा पाय आवळून दाराबाहेर उभा राहिला आणि कुणी न सांगताच गाणं म्हणू लागला.