धुळाप्पाच्या अंगातलं

सोमवारी मिलचा पहिला भोंगा व्हायच्या आधीच धुळाप्पानं बायकोला ठासून सांगितलं, "ताने, आजपासनं आपण सोताला शिव्या देणं बंद. डाक्तरनं सांगितलंय. आट दिसात बग, माणूस वळखायचा न्हाई तुला."

"बरं," तानाबाई म्हणाली आणि चुलीत फुंकर मारत बसली. नवऱ्याची असली 'आजपासनं' तिनं लई बघितली होती.

धुळाप्पाचं दुखणं वरून दिसणारं नव्हतं. मंगळवेढ्याकडचा धनगर, मेंढरं विकून सोलापुरात मिलमध्ये मागावर लागलेला, हाडापेरानं चांगला दणकट. पण आत सारखी धाकधूक. धागा तुटला असेल का, माग बंद करून आलो का, मागांवरचा मुकादम, तो जॉबर, आपल्याकडं असा का बघत होता. निम्म्या वाटेवरनं मागं फिरून खात्री करायचा, आणि मागं फिरलो म्हणून स्वतःलाच शिवी हासडायचा. "धुळ्या, तुला अक्कल न्हाई. तुझ्यासारखा नालायक अख्ख्या मिलमदी न्हाई." धागा तुटला की शिवी, आणि शिवीच्या नादात दुसरा तुटला की आणखी एक. शेवटी महिपती जॉबरनं दम भरला, "ह्या महिन्यात सुदार, न्हाईतर गावाकडची वाट धर." गावाकडं आता मेंढरंही नव्हती आणि घरही नव्हतं. नोकरी गेली तर नवराबायकोनं जायचं कुठं? म्हणून तो मुकाट्यानं मिलच्या दवाखान्यात गेला होता.

तिथले भीमाशंकर डॉक्टर तरुण, आणि विलायतेतल्या नव्या उपचारांवर त्यांचा भारी विश्वास. त्यांनी औषधाची बाटली काढलीच नाही.

"मेंढरू भ्यालं तर काय करतोस?" त्यांनी विचारलं.

"चुचकारतो की."

"शिव्या देत नाहीस?"

"त्याला कशाला शिव्या, साहेब? ते आदीच भ्यालेलं आसतंय."

"मग स्वतःलाही तसंच चुचकार. रोज अंघोळ झाली की डोळे मीट, स्वतःचं नाव घे आणि मोठ्यानं सांग, तुझं काही चुकलं नाही. कानांवर पडलं पाहिजे."

उपाय चांगलाच होता. फक्त डॉक्टर बंगल्यात राहत होते आणि धुळाप्पा चाळीत. चाळीत दोन खोल्यांमध्ये एक पत्रा. इकडं कुणी शिंकलं की तिकडचा माणूस शतायुषी म्हणायचा.

तर सोमवारी धुळाप्पानं अंघोळ केली, रोजच्यासारखा कपाळाला भंडारा लावला, गारठा होता म्हणून खांद्यावर घोंगडं घेतलं आणि डोळे मिटले. चुचकारायचं म्हटल्यावर रानातला जुना सूर आपोआप लागला, अंग डुलायला लागलं. "धुळाप्पाऽ, भिऊ नगं बाळाऽ. तुझं काय चुकलं न्हाईऽ."

शेजारची म्हातारी गोजरबाई विस्तव मागायला आली होती. ती दारातच हात जोडून उभी राहिली. आता तुम्हीच सांगा, ओलं अंग, कपाळभर भंडारा, मिटलेले डोळे, आणि माणूस आपल्याच नावानं आपल्याला हाक मारतोय. बोलणारा दुसरा कुणी असल्याशिवाय असं होतं का? धनगराच्या अंगात बिरोबा आला, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

"देवा," ती म्हणाली, "मी सुनंला टाकून बोलले, ती म्हायेरला निघून गेली. माझं चुकलं का रं?"

धुळाप्पा दचकला. पण जिभेवर एकच वाक्य होतं, तेच निघालं. "तुझं काय चुकलं न्हाई."

गोजरबाई घळाघळा रडली. मन हलकं झालं तशी त्याच दिवशी मैंदर्गीला जाऊन सुनेला स्वतः घेऊन आली. मग काय विचारता? दुसऱ्या दिवशी दारात माणसं, तिसऱ्या दिवशी ओळ पार नळापर्यंत. कुणी भावाशी भांडलेला, कुणी आईच्या शेवटच्या वेळेला न पोचलेला. सगळ्यांना एकच उत्तर, आणि सगळे डोळे पुसून, नारळ ठेवून घरी.

"आवो, देव न्हाई ह्यो," धुळाप्पा कळवळून सांगायचा. "डाक्तरनं सांगितलंय आसं बोलायला."

"मंजी डाक्तरच्या तोंडानंबी देवच बोलला," गोजरबाई म्हणायची.

सकाळ-संध्याकाळ जगाला चुचकारून बिचारा दमून गेला. त्याचा स्वतःचा नंबर काही लागेना. मागावर डुलक्या यायला लागल्या, धागे जास्तच तुटायला लागले. तानाबाईला खोबऱ्याच्या चटणीचा वीट आला.

आणि शनिवारी संध्याकाळी, नारळ घेऊन, महिपती जॉबर दारात.

अंगात येतं त्या माणसाला झाड म्हणतात. बोलतो तो देव, झाडाला त्यातलं काही कळत नाही, असा सगळ्यांचाच विश्वास. म्हणून महिपतीनं समोरच्या धुळाप्पाची काडीची भीड न धरता विचारलं, "देवा, तुझं हे झाड माझ्या हाताखाली हाय. माणूस वाईट न्हाई, पर काम व्हत न्हाई. मॅनेजर म्हणतोय काढ. तू सांगशील तसं करतो. काढू का ठेवू?"

तानाबाईनं मागून नवऱ्याला चिमटा काढला. "ठेव म्हणा की," ती पुटपुटली.

एका शब्दाचं काम होतं. पण प्रश्न धुळाप्पाबद्दल होता, आणि धुळाप्पाबद्दल चांगलं बोलायची त्याला सवयच नव्हती.

"काढ," तो म्हणाला. "लई नालायक हाय. अक्कल म्हणून न्हाई. बायकोला सुखाचा घास न्हाई, त्यो ह्याच्यापायी. परवा बॉयलर बंद पडला, त्योबी ह्याच्यापायीच आसंल. असला माणूस कुटं ठिवायच्या लायकीचा न्हाई." डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंड थांबत नव्हतं.

महिपतीची जीभ म्हणजे सगळ्या मिलमध्ये बदनाम. पण त्याचाही चेहरा उतरला. "एवढं तर मीबी कुणाला बोललो न्हाई की," तो हळूच म्हणाला. "ह्यो माणूस आतनं दिसभर आसलं ऐकतोय? आन वर कापडबी काढतोय?" त्यानं उठून धुळाप्पाच्या खांद्यावर हात ठेवला. "मी न्हाई काढत ह्याला. मॅनेजरला काय सांगायचं ते मी बगतो. पर तानाबाई, ह्यो देव न्हवं. हे भूत हाय. आदी उतरवा."

चाळीला ते लगेच पटलं. गोजरबाईनं मीठमोहऱ्या आणल्या. तानाबाईनं नवऱ्याला पाटावर बसवलं, मूठ ओवाळली, त्या भुताच्या सात पिढ्या उद्धारल्या आणि मूठ चुलीत टाकली. मोहऱ्या तडतडल्या.

धुळाप्पा चुलीकडं बघत बसला. खरंच हलकं वाटत होतं. नोकरी राहिली होती, आत सगळं शांत होतं. मग त्याचा चेहरा हळूहळू पडला.

"ताने," तो म्हणाला, "ते भूत आता कुटं जाईल गं? इतकी वर्सं ऱ्हायलेलं बिचारं, माझ्यापायी बेघर झालं की."

तानाबाईनं मिठाची दुसरी मूठ भरली.