सखातात्यांचं आजारी मशीन

सखातात्या आमच्या अंगणात येतात तेव्हा त्यांचं स्वतःचं डोकं उघडं असतं आणि खांद्यावरच्या मशीनला कानटोपी घातलेली असते. चांगली लोकरीची, मरून रंगाची, हनुवटीखाली बांधायला गोंडे असलेली कानटोपी. मशीन म्हणजे झाडं कापायचं, पेट्रोलवर चालणारं कटर. ऐन थंडीत, पोलादपूरच्या रस्त्यावर समोरची म्हैस दिसत नाही इतकं धुकं असताना, हा म्हातारा माणूस असा डोंगर उतरून आला की मला राहवायचं नाही.

"तात्या, ती टोपी तुम्ही घाला ना!"

"मला काय होतंय गो? हिच्या नाकात धूळ गेली की ही खोकते."

मशीन त्यांच्या लेखी 'ही' आहे. हिला ऊन बाधतं, हिला शिळं पेट्रोल चालत नाही, हिला नवख्या माणसाचा हात लागलेला आवडत नाही. माझ्या सासरच्या एकाही बाईचे इतके लाड झालेले मी पाहिलेले नाहीत.

ही मूळची महाडची. पुरात कुणाच्या तरी दुकानात बुडाली, तिथून भंगारात गेली आणि तिथे तात्यांच्या नजरेस पडली. भंगारवाला वजनावर विकत होता. तात्यांनी मशीन उलटं धरून झटकलं तर आतून ओंजळभर गाळ पडला. तेवढं वजन त्यांनी कमी करायला लावलं आणि ही हकिगत ते आजही अशी सांगतात, जसा काही किल्लाच सर केला. गावातल्या कुणी "तात्या, भंगार ते भंगारच" म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं. "खोकला हाय, रोग नाय."

तात्या राहतात वरच्या वाडीत. तरुणपणी ते माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे आबांच्या, ट्रकवर क्लीनर होते. दोघांनी मिळून महाबळेश्वरचा घाट किती वेळा चढला-उतरला याची गणती नाही. आबांना ते अजूनही 'वस्ताद' म्हणतात. तात्यांची बायको नातू झाला तेव्हा बाळंतपणापुरती म्हणून मुलाकडे बदलापूरला गेली. तो नातू आता दप्तर घेऊन शाळेत जातो, आणि बायको अजून तिकडेच आहे. वरती घरात तात्या, कोंबड्या आणि ही.

आता आबांविषयी सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय तात्यांची गोष्ट पुरी होत नाही. गणपतीनंतर माझ्या सासूबाई गेल्या. आबा ओटीवरच्या खुर्चीत बसले ते बसलेच. दिवसभरात दोन शब्द बोलायचे, 'हो' आणि 'नको', आणि त्यातला 'नको'च जास्त. ताट जसंच्या तसं परत यायचं. डॉक्टर म्हणाले, हृदय चांगलं आहे, साखर चांगली आहे. मग वाईट काय आहे, ते कुणी सांगेना. हा माणूस असाच बसल्या जागी संपून जाणार, अशी मला रोज भीती वाटायची. भाकरी थापताना मध्येच उठून मी ओटीवर डोकावून यायची.

अशात दिवाळी झाल्यावर तात्या खांद्यावर मशीन घेऊन हजर झाले.

"सूनबाय, हिला जरा तुमच्या अंगणात बघतो. आमच्या वर डोंगर हाय ना, आवाज आपटून परत येतो. खरा कुठला, खोटा कुठला, कळत नाय."

मी हो म्हणाले आणि पस्तावले. तात्यांनी अंगणात गोणपाट पसरलं आणि मशीनचा एकेक अवयव त्यावर मांडला. एअर फिल्टर माझ्या शॅम्पूने धुतला आणि तुळशीच्या कट्ट्यावर वाळत घातला. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायला खोकल्याच्या औषधाचं टोपण घेतलं. साखळीच्या एकेका दाताला गोल कानशीने धार लावली, आणि ते घासणं ऐकून माझे स्वतःचे दात आंबले. एवढं करून पेट्रोल गाळलं ते माझ्या नव्याकोऱ्या चहाच्या गाळणीतून. संध्याकाळचा चहा मी तोंडाला लावून तसाच ओतून दिला. तात्या मात्र बशी भरून प्यायले. "जरा वास येतो, पण तरतरी येते," म्हणाले.

आमच्या ह्यांची एमआयडीसीत पाळीची नोकरी. रात्रपाळी करून दुपारी झोपले की अंगणात 'भर्रर्र' व्हायचं. हे उशी डोक्यावर घेऊन बाहेर यायचे आणि तात्या मायेने विचारायचे, "झोप झाली का रे बाबा?" यावर कुणी काय बोलावं?

आणि इतकं करून मशीन काही धड चालेना. दोरी ओढली की फुरफुरायचं, धूर सोडायचं आणि गप्प व्हायचं. तात्या कार्बोरेटरचा बारीक स्क्रू इकडे फिरवायचे, तिकडे फिरवायचे. आबा तोंड दुसरीकडे करून बसलेले असायचे.

एक दिवस मात्र मशीन सुरू झालं आणि किंचाळायलाच लागलं. सुकं, तापलेलं, कानात सुई घातल्यासारखं. तात्या आपले स्क्रू आणखी आत पिळतायत. आणि ओटीवरून एकदम आवाज आला, घाटात समोरच्या गाडीला दरडावणारा.

"अरे गाढवा, स्क्रू बाहेर घे! पेट्रोल मिळत नाय तिला! पिस्टन खाशील!"

मी चुलीवरची भाजी तशीच टाकून धावले. आबा खुर्चीतून अर्धे उठले होते. तात्या भाबडं तोंड करून विचारत होते, "कुठला स्क्रू, वस्ताद?"

"एवढी वर्षं माझ्या गाडीवर काढलीस आन् कुठला म्हणून विचारतोस?"

भाजी करपली. मी दाराआड उभी राहून ओढणीत तोंड लपवून रडले. शिवी ऐकून इतका आनंद झालेला मला आठवत नाही.

तेव्हापासून रोजचा कार्यक्रम ठरला. तात्यांनी दुपारी यायचं, "आज परत बिघडली गो" म्हणायचं, आणि आबांनी ओरडायचं. "धूर बघ किती काढतेय, स्क्रू आत घे आता!" "साखळी ढिली हाय, दिसत नाय तुला?" आबांची खुर्ची ओटीवरून अंगणात आली. ओरडून ओरडून त्यांना भूक लागायला लागली. एक दिवस त्यांनी मागून भाकरी घेतली, वर सुकटीची चटणी आहे का विचारलं. ह्यांनी कानात कापूस घालून झोपायची सवय करून घेतली आणि पुन्हा त्या भर्रर्रबद्दल एक अक्षर काढलं नाही.

गावात मात्र तात्यांची थट्टा व्हायची. कुणी वाऱ्याने पडलेलं फणसाचं झाड कापून मागायला यायचा, तर तात्या कानटोपीचे गोंडे नीट करत सांगायचे, "आजारी हाय ती. बरी झाली की येतो." माणसं हसत परत जायची. खरं सांगायचं तर मलाही वाटायचं की म्हातारपणी तात्यांचा हात गेला.

शिमग्याला मी पुरणपोळ्यांचा डबा घेऊन सकाळी वरच्या वाडीत गेले. चढण संपायच्या आधीच मशीनचा आवाज ऐकू आला. एकसारखा, भरदार, कुठे अडखळणं नाही की फुरफुरणं नाही. मी करवंदीच्या जाळीशी थबकले. तात्या परसात रायवळ आंब्याचा वाळलेला ओंडका कापत होते आणि मशीन त्या लाकडातून असं चाललं होतं, जशी लोण्यातून सुरी. काम झालं. तात्यांनी मशीन बंद केलं, साखळी पुसली. पुन्हा दोरी ओढली. एकाच ओढीत सुरू.

मग त्यांनी कमरेचा स्क्रूड्रायव्हर काढला. मशीनला कान लावून स्क्रू हळूहळू फिरवत गेले. मशीन अडखळलं, खोकलं, धूर ओकायला लागलं. तात्यांनी डोळे मिटून ऐकलं, अजून जरासं फिरवलं, आणि मनासारखं बिघडल्यावर मान हलवून बंद केलं. कानटोपी घातली, गोंडे बांधले.

मी चार पावलं मागे गेले आणि लांबूनच "तात्या, आहात का घरी?" अशी हाक मारत पुन्हा आले.

दुपारी तात्या आले. "आज परत बिघडली गो." मी त्यांना दोनदा चहा दिला. ते गेल्यावर मात्र माझ्या पोटात राहीना. आबांना सगळं सांगून टाकलं. म्हटलं, "तुम्ही बोलावं म्हणून करतात ते. रोज मुद्दाम बिघडवून आणतात."

आबा हसले. सासूबाई गेल्यानंतर पहिल्यांदाच.

"मला पहिल्या दिवसापासून ठावं हाय. डोळा माझ्यावर आन् हात स्क्रूवर. माझ्या हाताखाली शिकलेला माणूस स्क्रू उलटा फिरवल होय?"

"मग तुम्ही ओरडता कशाला?"

आबांनी हनुवटीनेच वरच्या वाडीची पायवाट दाखवली.

"नाय ओरडलो तर उद्या तो कशाला येल? वर त्याच्याशी बोलायला हाय कोण?"

मी चहाच्या कपबशा उचलून आत गेले.

त्यानंतर काही दिवसांनी एका दुपारी तात्या आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. वाडीत मोबाइलला रेंज नसते. आबा खुर्चीत बसून सारखे पायवाटेकडे बघत होते. शेवटी वरून दूध घेऊन येणारी बाई सांगून गेली की तात्यांना ताप भरलाय, अंथरुणात पडून आहेत.

आबा उठले. "सूनबाय, माझ्या चपला कुठं हायत?"

सासूबाई गेल्यापासून त्या चपला पायात गेल्या नव्हत्या. मी त्यांच्यावरची धूळ पुसली, पेजेचा डबा भरून दिला. आबांनी काठी घेतली. मग घरात परत गेले आणि फडताळात शोधून स्क्रूड्रायव्हर खिशात घातला.

"आबा, त्यांना ताप आहे. हे कशाला?"

"मग काय सांगू त्याला? नुसता तुला बघायला आलो म्हणून सांगू?"

मी बरोबर येते म्हटलं तर म्हणाले, "तुला मशीनमधलं काय कळतं?"

ते चढण चढू लागले. मध्ये दोनदा थांबले, काठीवर वाकून दम खाल्ला, पण माघारी वळले नाहीत. करवंदीच्या जाळीपलीकडे गेल्यावर दिसेनासे झाले. मी अंगणात काही ना काही काम काढून पायवाटेवर नजर ठेवून होते. दिवेलागण झाली तरी आबा परत आले नव्हते, आणि वरून खाली आलेली ती दूधवाली बाई सांगून गेली की दोघं म्हातारे पेज खाऊन बोलत बसलेत, मशीनच्या कानटोपीचे गोंडे कुणी सोडलेलेसुद्धा नाहीत.