फाउल झाला कुणावर?

"दोन्ही संघ तुमच्या घरचेच आहेत, म्हणून तर तुम्हाला बोलावतोय," स्पर्धेचे सचिव फोनवर म्हणाले आणि चष्मेवाल्याच्या चिमट्यातला इवलासा स्क्रू सुटून टेबलाखाली पळाला.

कामगार महिला बास्केटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना संध्याकाळी पाचला होता, आणि नेमलेले मुख्य पंच सकाळी कचरा टाकायला जिना उतरताना शेवटच्या पायरीवर पाय मुरगळून बसले होते. चष्मेवाला दिवसभर दुकानात लोकांचे नंबर तपासायचा आणि संध्याकाळी गळ्यात शिट्टी अडकवून पंचगिरी करायचा. अकरा वर्षं झाली होती. "पंचाला चष्मा द्या!" असं प्रेक्षकांतून कुणी ओरडलं की तो मनातल्या मनात म्हणायचा, उद्या दुकानात ये, तुझाच नंबर काढतो.

"अहो, पण छापखान्याची प्रशिक्षक माझी बायको आहे," तो टेबलाखालून म्हणाला.

"माहितेय."

"आणि पाणीपुरवठा खात्याची माझी थोरली बहीण!"

"तेच तर! एकच बाजू घरची असती तर लोकांनी बोटं दाखवली असती. दोन्ही घरच्या म्हटल्यावर तुमच्याइतका तटस्थ माणूस मिळणार कुठे? चार वाजता या. शिट्टी आणा." फोन बंद.

बायको आणि ताई एरवी जिवाभावाच्या मैत्रिणी. दोघी एकाच शाळेच्या संघातून खेळलेल्या. ताईनेच 'पास चांगला देते' एवढ्या एका गुणावर ही मुलगी भावासाठी पसंत केली होती. पण स्पर्धा सुरू झाली की तीन आठवडे दोघींत फक्त चष्मेवाल्यामार्फत निरोप चालत. त्यातून बायको छापखान्यात मुद्रितशोधक. दुसऱ्याच्या चुका काढायचा तिला पगार मिळायचा. बास्केटबॉलच्या नियमपुस्तकाची मराठी आवृत्तीही तिनेच तपासली होती, त्यामुळे ते तिला पानांसकट पाठ होतं.

दुपारी जेवताना त्याने अट घातली. "मैदानावर मला अहो म्हणायचं नाही."

"मग काय म्हणू?"

"पंच."

तिने जरा विचार केला. "बरं. अहो पंच."

ताईला फोन केला तर ती म्हणाली, "छोट्या, तू काही काळजी करू नकोस. तू नुसती शिट्टी वाजव, बाकीचं मी सांगत जाईन."

संध्याकाळी बंदिस्त क्रीडागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. डब्यांची झाकणं, रिकामे पिंप, कुणीतरी आणलेली शाळेची घंटा, सगळं एकदम वाजत होतं. दुसरे पंच होते शाळेतले भूगोलाचे सर, शांत माणूस. सामना मात्र शांत नव्हता. छापखाना चारने पुढे, पाणीपुरवठा दोनने पुढे, पुन्हा बरोबरी, पुन्हा पुढे. चष्मेवाला घामाने निथळत इकडून तिकडे धावत होता आणि त्याला चक्क मजा येत होती. असा सामना पाच वर्षांत एकदा वाट्याला येतो.

शेवटची दहा सेकंदं. छापखाना एकसष्ट, पाणीपुरवठा साठ. चेंडू पाणीपुरवठ्याच्या कप्तानाकडे. ही बाई फ्री थ्रो टाकायला उभी राहिली की प्रतिस्पर्धी पाणी प्यायला जात, इतका तिचा नेम पक्का. ती डावीकडून घुसली. तिच्याबरोबर घुसली बारकी, संघातली सगळ्यात लहान चणीची, पळण्यात वीज आणि नेमात आनंदीआनंद. दोघी एकदम रिंगखाली पोचल्या, दोघी एकदम उडाल्या, छापखान्याची अकरा नंबर मध्ये आली, सप्पकन आवाज झाला आणि तिघी एका ढिगात खाली आल्या.

शिट्टी! चष्मेवाल्याने मूठ वर केली. घड्याळ थांबलं. शून्य पूर्णांक आठ सेकंद बाकी.

गुणलेखिकेच्या टेबलापाशी धावत जाऊन त्याने बोटांनी अकरा नंबर दाखवला, हातावर फटका मारल्याची खूण केली आणि दोन बोटं उंचावली. दोन फ्री थ्रो! एक गेला तर बरोबरी, दोन गेले तर चषक. क्रीडागृह छपरासकट हललं.

"पडली!" बायको रेषा ओलांडून थेट मैदानात आली. "अहो पंच, ती पडली! स्वतःहून पडली!"

"पाडली," चष्मेवाला म्हणाला.

"पडली! पाडली नाही, पडली! एका कान्याचा फरक आहे, अहो! हा काना तुम्ही कुठून आणलात?"

"मागे हो. मागे व्हा. प्रशिक्षकांनी मागे व्हावं."

"काना काढा, मग होते."

अकरा वर्षांची पंचगिरी चष्मेवाल्याच्या हाताला ठाऊक होती. हात आपोआप वर गेले आणि इंग्रजी टी झाला. टेक्निकल फाउल, म्हणजे गैरवर्तनाची शिक्षा. स्वतःच्या बायकोला. प्रेक्षकांतल्या सगळ्या नवऱ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

"शाब्बास, छोट्या!" ताईने आनंदाच्या भरात गळ्यातला टॉवेल हवेत भिरकावला. तो गोल फिरत आला आणि अचूक चष्मेवाल्याच्या डोक्यावर पडला.

टॉवेलखाली क्षणभर शांत वाटलं. मग तिथूनच शिट्टी वाजली आणि टॉवेलसकट टी झाला. ताईलाही टेक्निकल.

"अरे, मी तर कौतुक करत होते!"

एवढ्यात त्याच्या पाठीमागे ढकलाढकली सुरू झाली. छापखान्याची सगळ्यात उंच खेळाडू, जिला सगळे शिडी म्हणत, तिने कप्तानाला खांद्याने ढोसलं, "नाटकं बंद कर" म्हणाली. कप्तानाने दोन्ही हातांनी ते ढोसणं परत केलं. भूगोलाच्या सरांनी जन्मात वाजवली नसेल इतक्या जोरात शिट्टी वाजवली आणि दोघींना खेळाला न शोभणारा फाउल दिला.

टेबलावरच्या गुणलेखिकेने पेन खाली ठेवलं. "आता सांगा. काय लिहू, कुणाचं लिहू आणि कुठल्या रकान्यात लिहू?"

दोन्ही बाकांवरून दहा-दहा आवाज आले. सचिव धावत आले. चष्मेवाल्याने हात वर केला, डोळे मिटले आणि हिशेब मांडला. आता तो खऱ्या अर्थाने रंगात आला होता. "छापखान्याच्या प्रशिक्षकांचा टेक्निकल, त्याचा एक फ्री थ्रो. पाणीपुरवठ्याच्या प्रशिक्षकांचा टेक्निकल, त्याचाही एक. सारखी शिक्षा, समोरासमोर, दोन्ही रद्द. दोन धक्के, दोन्हींना दोन-दोन फ्री थ्रो आणि चेंडू. पुन्हा सारखी शिक्षा, तीही रद्द. राहिलं काय? पहिला फाउल. पाणीपुरवठ्याला दोन फ्री थ्रो. बस!"

बायकोने तोंड उघडलं, मनातल्या मनात पानं उलटली आणि तोंड मिटलं. बरोबर होतं. सचिवांनी चष्मेवाल्याची पाठ थोपटली. एवढ्या गदारोळातून वीस मिनिटांनी गाडी पुन्हा जिथे होती तिथेच आली होती, आणि चष्मेवाल्याला ती स्वतः ढकलत आणल्याचा अभिमान वाटत होता.

तो चेंडू घेऊन फ्री थ्रोच्या रेषेकडे वळला. रेषेवर कप्तान उभी होती.

"ही कोण?" बायको मागून ओरडली. "फाउल बारकीवर झाला! बारकीच टाकणार!"

"कप्तानावर झाला!" ताई दुसऱ्या टोकाहून.

चष्मेवाल्याने गुणपत्रिका पाहिली. फाउल कुणी केला हे कागदावर होतं. कुणावर झाला हे लिहायला कागदावर रकानाच नसतो; ते पंचाच्या डोक्यात असतं. त्याने डोक्यात पाहिलं. डोक्यात बायको होती, काना होता, टॉवेल होता. त्याच्याही मागे एक हात होता, ज्यावर फटका बसला होता. हात स्पष्ट दिसत होता. हाताची मालकीण दिसत नव्हती.

तो भूगोलाच्या सरांच्या कानाशी लागला. "तुम्ही पाहिलंत?"

"माझी नजर पश्चिमेला होती," सर म्हणाले. "नियमच आहे. तुम्ही पूर्व, मी पश्चिम."

आणि चुकून भलतीनेच फ्री थ्रो टाकले तर? ते रद्द होणार, चेंडू छापखान्याला मिळणार, चषक छापखान्याचा. बायकोला हा नियम पाठ होता. चेहऱ्यावरून दिसतच होतं. उलट बारकीला उभं केलं आणि फाउल कप्तानावर असला, तर ताई जन्मभर घरी पाऊल ठेवणार नव्हती. किंवा रोज ठेवणार होती. यातलं वाईट कोणतं, हे त्याला ठरवता येईना.

त्याने कप्तानाला बाजूला घेतलं. "चेंडू कुणाच्या हातात होता?"

"माझ्याच," कप्तान डोळा न लववता म्हणाली.

मग बारकीला बोलावलं. तिने भरलेल्या क्रीडागृहाकडे पाहिलं, रिंगकडे पाहिलं आणि तिचा रंग उडाला. "कप्तानांच्याच हातात असेल, सर. माझ्या हातात कशाला कोण देईल?"

शेवटी अकरा नंबर. "तू कुणाला मारलंस?"

"मी? मी कुणाला हातसुद्धा लावला नाही!" असं म्हणून तिने दोन्ही पंजे त्याच्या नाकासमोर धरले.

चष्मेवाल्याने ते पंजे पाहिले आणि तो आणखी जवळ वाकला. बोटांच्या पेरांवर काळपट निळी झाक होती. "तू छापखान्यात काय करतेस?"

"मशीनवर. पाळी संपवून थेट इथेच आले. शाई धुऊन जात नाही लवकर. घामाने उलट सुटते."

"दोघी इकडे या! हात पुढे करा!" तो इतक्या जोरात ओरडला की घंटा वाजवणाराही थांबला.

कप्तानाचे हात कोरे. बारकी हात मागे लपवत होती. त्याने हलकेच सांगितलं तेव्हा तिने उजवा हात पुढे केला. मनगटाच्या वर चार बोटं उमटली होती. निळीकाळी, ओळीने.

बायको वाकली, तिने खिशातून वाचायचा चष्मा काढला, लावला, आणि चारही बोटं तपासली. "हे प्रूफ मला मंजूर आहे," ती म्हणाली. "बारकीच टाकणार."

"म्हणजे पाडली?" चष्मेवाल्याने विचारलं.

तिने चष्मा काढला. "पाडली," ती हळूच म्हणाली.

ताईने कपाळावर हात मारला. कप्तान पाय आपटत रेषेवरून हटली आणि बाकीच्यांबरोबर बाजूच्या रांगेत जाऊन उभी राहिली. बारकी रेषेवर आली. चष्मेवाल्याने तिच्या हातात चेंडू दिला. पंचाने काही बोलायचं नसतं, म्हणून तो नुसता चेंडूवर हात जरा जास्त वेळ ठेवून उभा राहिला.

पहिला फ्री थ्रो बोर्डाच्या वरच्या कोपऱ्याला लागून प्रेक्षकांत गेला.

छापखान्याचे डबे वाजले. एकसष्ट-साठ. आता फार तर बरोबरी. बारकीने डोळे मिटून दुसरा टाकला. चेंडू रिंगच्या कडेवर आपटला आणि सरळ वर उडाला. सगळ्यांच्या माना वर गेल्या. चेंडू खाली यायला लागला तशी गर्दीतून शिडी उठली, सगळ्यांच्या वर, एकटी, आणि चषक कायमचा लांब फेकून द्यावा तसा तिने चेंडूला पंजा हाणला. पंजा तिरका बसला. चेंडू बोर्डावर गेला, तिथून परतला आणि अलगद जाळीतून खाली आला.

भोंगा वाजला.

क्षणभर कुणालाच काही कळेना. मग चष्मेवाल्याने दोन बोटं खाली झटकली. बास्केट वैध! रिंगला लागून उडालेल्या चेंडूला कुणाचा हात लागला की तो फ्री थ्रो राहत नाही, साधी बास्केट होते. दोन गुण! पाणीपुरवठा बासष्ट, छापखाना एकसष्ट! डबे, पिंप, घंटा, सगळ्यांचा एकच कल्लोळ झाला. बारकीला उचलून तीन बायका धावत सुटल्या. शिडी मटकन खाली बसली आणि बायको तिच्याशेजारी बसून तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागली.

गुणलेखिकेने चष्मेवाल्याची बाही ओढली. "गुण कुणाच्या नावावर? बारकीच्या?"

"नाही. तिचा तर हुकला."

"मग शिडीच्या? ती तर त्यांची आहे."

"चुकून स्वतःच्याच बास्केटमध्ये चेंडू गेला तर..." त्याने कप्तानाकडे पाहिलं, "...तर गुण समोरच्या संघाच्या, मैदानावर असलेल्या कप्तानाच्या नावावर लिहायचे."

"पान चौतीस," बायको खालूनच म्हणाली. "बरोबर आहे."

गुणलेखिकेने लिहिलं. चष्मेवाल्याने लगेच, आणखी काही घडायच्या आत, गुणपत्रिकेवर सही ठोकली. सामना अधिकृतपणे संपला. पंचाचा अधिकारही सहीबरोबर संपतो.

तेवढ्यात ताई आली. तिने गुणपत्रिका वाचली. कप्तानाच्या नावापुढचे दोन गुण वाचले. पुन्हा एकदा वाचले. मग कमरेवर हात ठेवून ती सगळ्या क्रीडागृहाला ऐकू जाईल अशी म्हणाली, "मी काय सांगत होते, छोट्या? कप्तानालाच द्या, कप्तानालाच द्या! तेव्हाच ऐकलं असतंस तर एवढा वेळ गेला असता का?"

चष्मेवाल्याचे हात आपोआप टी करायला वर निघाले. मग त्याला सही आठवली आणि त्याने ते हात कसेबसे डोक्यावर नेऊन ठेवले.